किल्ले निवांतगड, अर्थात जिन्याखालची खोली कैसी सर जाहली

श्रीगजानन प्रसन्न. ज्याचे कान सुपाएवढे, आणि त्या कानांनी जो दरसाल ढोल, ताशे, झांजा, आरत्या आणि कार्यवाहांचे भाषण सोसूनही मुद्रा ढळू देत नाही, त्यास आधी वंदन करोन मग कलम हाती धरिली.

विज्ञापना ऐसीजे. कलकत्ता शहरी मराठी मंडळींनी जिन्याखालची खोली कैसी घेतली, कोण लढले, कोण पळाले, कोणी नुसताच फराळ केला, हे साद्यंत लिहोन ठेवावे, म्हणजे पुढील पोरांस खोली आयती मिळाली ऐसे वाटणार नाही, ऐसी आज्ञा मंडळाच्या महिला शाखेकडून जाहली. आज्ञेत आणखी एक कलम होते की, पदरचे काही घालू नये. त्यास, पदरचे घातल्याविना बखर होत नाही हे जाणत्यांस विदित. तरी सेवकाने हात आखडता ठेविला आहे, आणि जेथे फारच मोह जाहला तेथेच घातले आहे.

शके अठराशे एक्याण्णव, संवत्सराचे नाव सौम्य. नाव ठेवणाऱ्याने कलकत्ता पाहिले नसावे. त्या साली या शहरात कोणी हलक्या आवाजात बोलेना. रस्त्याने मोर्चे जात आणि मोर्च्यास मोर्चे आडवे येत, पूजेचे कर्णे खांबाखांबांवर बांधलेले, ट्रामच्या घंटा अहोरात्र, आणि कचेरीत साहेबास खुर्चीत बसवून भोवती कडे करावे आणि घोषणांनी त्याचे कान किटवावे, त्यास घेराव म्हणत. गल्लीत कोठे बार उडाला तर लोक उठून खिडकी लावीत आणि पुन्हा पानावर बसत. येणेप्रमाणे सौम्य संवत्सर चालले होते.

या मुलुखी मराठी माणूस थोडा. काही घराणी आजोबांपासूनची, डॉक्टरी, वकिली, मास्तरकी करणारी, ज्यांची पोरे स्वप्नात बंगाली बोलत; आणि काही बदलीवर आलेले बँकांचे आणि सरकारी कंपन्यांचे अंमलदार, ज्यांचे अर्धे सामान सदा खोक्यांत बांधलेले. या दोन फौजांचे एकमेकांशी सूत दोनच गोष्टींत जमे, एक गणपती आणि दुसरी मंडळाची प्राथमिक शाळा. शाळा म्हणजे भवानीपुरात ट्रामच्या रस्त्यास लागून एक दुमजली घर, खाली वर्ग, वर सभागृह आणि गच्ची, मधे जिना, आणि जिन्याखाली ती खोली, जिजसाठी हे रण माजले.

मंडळाचे कार्यवाह राजश्री श्यामराव. एस्प्लनेडकडील एका सरकारी कंपनीत खरेदीचे साहेब. मनाचे निर्मळ, हाताचे सढळ, परंतु आवाज ऐसा की नुसते 'चहा घ्या' म्हणाले तरी पाहुण्यास दरडावल्याचा भास व्हावा आणि त्याने बशीसकट प्यावा. त्या साली शाळेची पितळी घंटा चिरली. मग श्यामरावांचे मनी आले की, चिल्लर घंटा आणोन काय करणे, शाळेस तोफ पाहिजे. आणि त्यांनी गार्डन रीचकडे एका भंगारवाल्याकडून रेल्वेच्या रुळाचा हातभर तुकडा निवडला, टॅक्सीत घालोन आणिला, टॅक्सीवाल्याशी हुज्जत केली, आणि दसऱ्याचे सुमुहूर्ती शस्त्रपूजेच्या पंक्तीत त्यास हळदकुंकू वाहोन, झेंडूची माळ घालोन, शाळेच्या ओसरीत साखळीने टांगिला. संगती लोखंडी हातोडा. गोलंदाजी शाळेचा शिपाई हरिपद याजकडे सोपविली.

दिवाळीची सुट्टी सरोन शाळा भरली, आणि तोफ प्रथम सुरू जाहली. वळचणीची कबुतरे उठली ती पुन्हा आली नाहीत. शेजारच्या घरी मिठाई तळत होते, तेथे झारा कढईत पडला. ट्रामचा कंडक्टर थांबा नसता उतरला. श्यामराव ओसरीत उभे राहोन अश्रू पुशीत होते, इतका आनंद जाहला होता. आणि हरिपदची रीत ऐसी की, टोल देत देत शेवटच्या टोलाआधी थांबावे, दम घ्यावा, हातोडा या हातातून त्या हातात घ्यावा, लोकांस वाटावे की आटोपले, आणि मग सर्व बळ एकवटून शेवटचा टोल द्यावा. ही रीत वाचणाराने ध्यानी ठेवावी. पुढे कामी येणार आहे.

तिसरीच्या वर्गात कालिंदी नावाची मुलगी. वय आठ, जन्म कलकत्त्याचा. गणितात तरबेज, चित्रात तरबेज, बोलण्यात फार काटकसरी. परंतु मोठा आवाज जाहला की हिचे भान जाई. दोन्ही तळवे कानांवर, डोळे घट्ट मिटलेले, आणि पाय नेतील तिकडे धाव. हिच्या मातुश्री आशाबाई यांनी दृष्ट काढिली, नवस बोलिले, मग डॉक्टर केला. डॉक्टरांनी तपासोन सांगितले की कान उत्तम आहेत, जरुरीपेक्षाही उत्तम आहेत. या निदानाची फी घेतली.

पहिल्या टोलास कालिंदी बाकावरून उठली आणि वर्गातून, ओसरीतून, फाटकातून थेट ट्रामच्या रुळांवर. ट्राम करकचून थांबली. मागे हरिपद हातोड्यासकट ओरडत धावला, "दिदिमणि, मेये पालिये गेछे!" आणि तो ओरडल्यामुळे मेये, म्हणजे मुलगी, आणखी जोराने पळाली. ट्रामचा चालक खाली उतरोन तिला उचलोन आणिता जाहला आणि बायांस म्हणाला, "बच्ची को सँभालिए माईजी, हमारा ब्रेक हर बार नहीं लगेगा." दुसरे दिवशी पुन्हा तेच, फक्त ट्राम दुसरी.

मग श्यामरावांनी मुलीस कचेरीत उभी केली आणि भर दरबारी विचारिले, की बाळ, तुला काय होते? प्रश्न मायेचा होता, परंतु फाटकाबाहेरच्या पानवाल्यानेही ऐकला आणि तोही उत्तरासाठी थांबला. कालिंदीने फरशीकडे पाहिले. पुन्हा विचारिले, पहिल्याहून मायेने, म्हणजे पहिल्याहून मोठ्याने. मुलीने कान झाकिले. तेव्हा श्यामरावांचा ग्रह जाहला की मूल हट्टी आहे. आणि मुख्याध्यापक मुकुंदराव, जे परम सज्जन, आणि ज्यांस हुकूम देण्यापूर्वी घसा साफ करावा लागे आणि घसा साफ होईतो हुकुमाची गरजच सरे, त्यांजकडून फर्मान काढविले, की मुलगी आणखी एकवेळ फाटकाबाहेर गेली तर पटावरून नाव कमी होईल, काय निमित्त की ट्रामखाली मूल गेल्यास शाळेने तोंड कोठे लपवावे.

फर्मान कठोर, परंतु खोटे म्हणता येईना. आशाबाईंनी ते ऐकिले आणि बाकावर बसोन राहिल्या. दुसऱ्या शाळा होत्या, परंतु तेथे पोरे जास्त, गोंगाट जास्त, दया तितकीच. नाव कमी जाहले तर लेक घरी बसणार, हे त्यांस लख्ख दिसत होते. बखरीत रडणे लिहू नये ऐसा प्रघात आहे, सबब लिहीत नाही.

तिसरीच्या बाई शकुनबाई. घराणे आजोबांपासून कलकत्त्याचे, चण लहान, आवाज त्याहून लहान, आणि पोरे तो ऐकण्यासाठी गप्प बसत. या बाईंनी एक गोष्ट हेरिली होती. एके दिवशी रस्त्याने कर्णे लावलेला मोर्चा गेला, तेव्हा कालिंदी फाटकाकडे न जाता जिन्याच्या कोनात, गुंडाळोन ठेविलेल्या सतरंज्यांच्या मधल्या फटीत शिरली, आणि मोर्चा सरताच आपण होऊन वर्गात येऊन भागाकार करू लागली. भागाकार बिनचूक होता. मग बाईंनी विचार केला की, हिला पळावयाचे नाही, हिला शिरावयाचे आहे. शिरावयास जागा नाही म्हणोन ती पळते. सबब जागा पाहिजे, अंधारी, मऊ आणि जवळ.

ऐसी जागा एकच, जिन्याखालची खोली. परंतु ती मंडळाचा जामदारखाना. आत गणपतीचे मखर, ढोल, ताशे, आणि नाट्यशाखेचा सरंजाम, म्हणजे पत्र्याच्या तलवारी, ढाली, मुकुट, जिरेटोप, गदा आणि गोणीभर दाढ्यामिशा. बाईंनी अर्ज केला. श्यामरावांनी उत्तर फर्माविले की, मंडळाची इभ्रत त्या खोलीत आहे. एका मुलीच्या कानांसाठी ती उघड्यावर टाकिता येणार नाही. आणि आवाजाची सवय आवाजानेच होते, आमचे लहानपण गिरणीच्या भोंग्याशेजारी गेले, आमचे काय बिघडले? काय बिघडले ते समोरच्यांस ऐकू येत होते.

मग महिला शाखेचे खलबत बसले. तेथे शकुनबाई, आशाबाई, आणि खुद्द श्यामरावांचे कुटुंब सुहासिनीबाई. त्यांस खलबतात घ्यावे की न घ्यावे येविशी वाद होता, परंतु त्या कोथिंबिरीच्या वड्या घेऊन आल्या, सबब घेतले. आणि मसलत त्यांनीच सांगितली. म्हणाल्या, "त्यांच्याशी वाद घालू नका. ते वादात जिंकतात, कारण दुसऱ्याचं ऐकूच येत नाही. वर्षातून एकदा कपड्यांना ऊन दाखवायचा हक्क आपला आहे. ऊन दाखवू या. नंतर बघू."

आणि तैसेच केले. मार्गशीर्षाचे कोवळे ऊन पाहोन महिला शाखेने खोलीची किल्ली मागितली. ऊन दाखविण्याचा रिवाज पुरातन, त्यास कार्यवाहासही ना म्हणता येईना. मग पदर खोचोन फौज आत शिरली, आणि मखर, ढोल, तलवारी, गदा, सर्व दौलत गच्चीवर चढविली. दोरीवर चिमट्यांनी दाढ्या लाविल्या, त्या वाऱ्यावर हलू लागल्या. कठड्यावर तलवारी मांडिल्या, त्या उन्हात चमकू लागल्या. महिला शाखा दमोन चहास बसली.

शेजारच्यांनी हे पाहिले. ते साल कोणते हे वर लिहिले आहेच. घटकाभरात पोलिसांची काळी गाडी दारात. एक इन्स्पेक्टर बरोबर शिपाई घेऊन गच्चीवर आला आणि दोरीवरच्या दाढ्यांमधून वाट काढीत पुसता जाहला, की इतकी हत्यारे कोणाची? महिला शाखेने शकुनबाईंकडे पाहिले. शकुनबाई जन्मात खोटे बोलल्या नव्हत्या, आताही बोलल्या नाहीत. अस्सल बंगालीत, नम्रपणे म्हणाल्या, "सेक्रेटारी-बाबूर."

सेक्रेटरीबाबूंस बोलाविले. श्यामराव कचेरीतून आले आणि तलवारी पत्र्याच्या आहेत ऐसे इतक्या मोठ्याने सांगू लागले की शिपायांनी काठ्या सावरल्या. मग इन्स्पेक्टरने एक तलवार उचलोन गुडघ्यावर दाबिली. ती नमली. दुसरी घेतली, तीही नमली. मग एक दाढी हाती घेऊन उलटसुलट पाहिली, आणि गृहस्थ असल्यामुळे हसला. परंतु बजावोन गेला, की दिवस वाईट आहेत, शाळेत ऐसी वस्तू ठेवू नये, ज्याची त्याने आपल्या घरी न्यावी. जबानीत मालकाचे नाव श्यामराव ऐसे लागले होते. सबब हातगाडीवर मखर, ढोल, ताशे, गदा आणि वाकलेल्या तलवारी घालोन सर्व इभ्रत श्यामरावांच्या बिऱ्हाडी रवाना जाहली, आणि तेथे सुहासिनीबाईंनी ती हसतमुखाने उतरवोन घेतली. आपली बैठकीची खोली त्यांनी या कामी खर्ची घातली, हे बखरीत ठळक लिहावे ऐसे आहे.

येणेप्रमाणे खोली रिकामी जाहली, आणि मग तिची उभारणी केली. खिडकीस वाळ्याचा पडदा. दिव्यास हिरवा मिणमिणता गोळा. खाली शिमुळाच्या, म्हणजे सावरीच्या, कापसाची गादी. भिंतीस जुनी नाटकाची मखमल, एवढीच ऊन दाखवोन परत आली होती. परातीत हिरवे मूग, त्यांत बोटे फिरवीत बसावे म्हणोन. तळपाय घासावयास काशाची वाटी. आणि गोधड्या. बदलीवाल्यांनी खोक्यांतून काढिल्या, जुन्या घराण्यांनी माळ्यावरून काढिल्या, आजीच्या नऊवारींच्या, थरावर थर शिवलेल्या, ऐशा जड की एकदा अंगावर घेतली तर माणूस जागचा हलेना. शकुनबाई म्हणाल्या की वजनच पाहिजे. कालिंदीने आत जाऊन मुगांत हात घातला, गोधडी डोक्यावरून ओढिली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही. बाहेर आली तेव्हा तिने बाईंस विचारिले, "उद्या पण असेल ना?" शकुनबाईंनी होय म्हटले. मुलांनी खोलीस निवांतगड नाव ठेविले.

परंतु मराठी माणसाची एक खोड आहे, आणि ती कलकत्त्यास येतानाही बरोबर येते. जोवर उद्घाटन होत नाही तोवर वस्तू आहे ऐसे तो मानीत नाही. श्यामराव खोलीच्या लढाईत हरले होते, परंतु उद्घाटन हा कार्यवाहाचा हक्क, तो त्यांनी मागितला, आणि दिलदार माणूस, इतमामात कसर ठेविली नाही. मंडप घातला. कर्णे लाविले. पेटीवर स्वागतगीत जाहले, मग प्रास्ताविक, मग परिचय, मग शाल आणि श्रीफळ, आणि मग प्रमुख पाहुणे, एक निवृत्त अंमलदार, ध्वनिक्षेपकावरून शांततेचे महत्त्व या विषयावर बोलू लागले. ते इतका वेळ बोलले की पेटीवाला झोपला. कालिंदी फुलांचे तबक घेऊन पायरीशी उभी, कानांत आईने कापूस घातलेला, ओठ दाबलेले. ती टिकली होती. सेवक साक्षी आहे की ती टिकली होती. आणि मग फीत कापतेसमयी श्यामरावांचे अंगी वीरश्री संचरली आणि त्यांनी हुकूम केला, "हरिपद! सलामी!"

तबक पडले. फुले उधळली. मुलगी दिसेनाशी जाहली. निवांतगडात शिरावे तर दारात पाहुणे फोटोस उभे राहिलेले. मग एकच हाहाकार. कोणी फाटकाकडे, कोणी ट्रामच्या रस्त्याकडे. श्यामराव कर्ण्यावरून, "कालिंदी! बाळ, घाबरू नकोस!" ऐसे ओरडत होते, आणि घाबरण्याचे तेवढे एकच कारण उरले होते. शेवटी शकुनबाईंनी व्यासपीठावरच्या मेजाचा पडदा उचलिला. आत, श्यामरावांच्या खुर्चीच्या पायांशी, मुलगी गुडघ्यांत डोके घालोन बसली होती.

श्यामराव खजील जाहले, आणि खजील माणूस रागावतो. फर्माविले की, खोली असताही मूल पळाले, सबब खोली निरुपयोगी, आणि नावही कमी करावे. तेव्हा मुकुंदरावांनी घसा साफ केला. लोकांनी नेहमीप्रमाणे दुर्लक्ष केले. परंतु घसा साफ जाहल्यावर ते खरोखर बोलले, "फाटक ओलांडलेलं नाही. माझ्या सहीचं फर्मान आहे, मला माहीत आहे." आयुष्यात इतके शौर्य त्यांनी एकदाच केले आणि ते योग्य जागी केले. मग तह जाहला. शनिवारी शाळा भरतानाचे टोल पडतील, श्यामराव स्वतः हजर राहतील. त्यांच्या डोळ्यांदेखत मुलगी निवांतगडात जाऊन टोल सरताच वर्गात परतली, तर खोली कायम आणि नाव कायम. फाटकाकडे गेली, तर दोन्ही गेले.

शुक्रवारी दुपारी एस्प्लनेडकडे, श्यामरावांच्या कचेरीत, श्यामरावांस घेराव पडला. बोनसाचा तंटा होता, त्यात श्यामरावांचे काही चालत नव्हते, परंतु खुर्चीत तेच सापडले. भोवती लोकांचे कडे, आणि 'चोलबे ना, चोलबे ना', म्हणजे चालणार नाही, हा गजर, डब्यांवर पट्ट्या वाजवीत, पाळ्या बदलीत. श्यामरावांनी आरंभी उलट ओरडोन पाहिले. आयुष्यात प्रथमच त्यांचा आवाज त्यांसच ऐकू आला नाही. शनिवारी उजाडता वेढा उठला, तेव्हा घसा पार बसला होता, आणि लोक निघोन गेले तरी घोषणा कानांतून निघाल्या नव्हत्या.

घरी आले तो पलंगावर मखर, पलंगाखाली ढोल, आरामखुर्चीत दाढ्यांची गोणी. पाठ टेकावयास जागा नाही. स्वयंपाकघरात भांडे पडले, तर साहेब दचकोन भिंतीस लागले. सुहासिनीबाईंनी हे पाहिले आणि चहा हाती दिला. आणि थट्टा न करिता म्हणाल्या, "नाहीतरी आज शाळेत जायचंच आहे. लवकर जा. तिथे बसायला जागा आहे."

मग श्यामराव शाळेत आले. कोणी आले नव्हते. निवांतगडाच्या दारी बूट काढिले, आत शिरले, तपासणी करावी ऐशा इराद्याने परातीत बोट घातले, आणि ते बोट बाहेर काढावे ऐसे त्यांस वाटेना. हिरवा उजेड, वाळ्याचा वास. गोधडीचे वजन पाहावे म्हणोन अंगावर घेतली. आणि हा अजिंक्य सरदार बसल्या जागी लवंडला.

शाळा भरली. हरिपदने हातोडा उचलिला. पहिला टोल पडताच कालिंदी वर्गातून निघाली, कानांवर हात, आणि जिन्याशी आली, आणि दारात थबकली. दारात हे मोठे काळे बूट. गडावर परचक्र. शकुनबाई जिन्यात उभ्या राहोन पाहत होत्या. मुलीने फाटकाकडे पाहिले. फाटक सताड उघडे, पलीकडे ट्राम येत होती. टोलावर टोल पडत होते. शकुनबाई हाक मारणार होत्या, परंतु हाक म्हणजे आणखी एक आवाज, म्हणोन त्यांनी ओठ चावला आणि जागीच उभ्या राहिल्या. इतक्यात खोलीतून कण्हणे आले, बारीक, बसक्या घशाचे, "आई गं." मोठ्याने असते तर ती पळाली असती. ती आत गेली.

आत मंडळाचे कार्यवाह, खरेदीचे साहेब, राजश्री श्यामराव भिंतीशी अंग चोरोन बसले होते, डोळे घट्ट मिटलेले आणि दोन्ही तळवे कानांवर. बाहेर हरिपद थांबला आणि त्याने दम घेतला. श्यामरावांस वाटले आटोपले, त्यांनी हात खाली घेण्यास आरंभ केला.

"काका, हात काढू नका," कालिंदी म्हणाली. "अजून एक राहिलाय."

श्यामरावांनी हात पुन्हा कानांवर दाबिले. शेवटचा टोल पडला. भिंत थरारली, परातीतले मूग थरारले. मुलीने गोधडीचे दुसरे टोक आपल्या डोक्यावरून घेतले आणि दोघे तैसेच बसोन राहिले, हवेतली गुणगुण सरेतो. मग श्यामराव बोलले. घसा बसलेला, सबब कुजबुजच निघाली.

"तुला रोज असं होतं?"

"रोज."

"मग मी एवढं विचारलं तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही मोठ्याने विचारत होता."

श्यामरावांनी तोंड भिंतीकडे केले. मुलीने गोधडी त्यांच्या खांद्यांवर नीट घातली, दार हलकेच ओढोन घेतले, आणि वर्गात जाऊन भागाकार मांडिला. शकुनबाई जिन्यातच पायरीवर बसल्या आणि पदराने डोळे पुशीत राहिल्या. हे मात्र लिहिले, प्रघात काही असो.

त्याच दिवशी श्यामरावांनी आपल्या हातांनी हातोड्यास गोधडीच्या चिंध्या गुंडाळिल्या, आणि तोफ जेर जाहली. ती इतकी जेर जाहली की सोमवारी शाळा सुटल्याचे कोणासच कळले नाही, आणि चौथीचे गणित दिवेलागणीपर्यंत चालले, आणि पालक कंदील घेऊन पोरे शोधीत आले. मग चिंधीचे थर कमी केले. कबुतरांपैकी एक जोडी परत आली. शिवाय एक नवे संकट उभे राहिले, की निवांतगडाची कीर्ती कचेऱ्या-कचेऱ्यांत पसरोन बँकांचे अंमलदार शाळेत तपासणीस येऊ लागले आणि सर्वांस जिन्याखालचीच तपासणी करावयाची असे. सबब नियम केला की, मोठ्या माणसाने कालिंदीची परवानगी घ्यावी, आणि परवानगी हळू आवाजात मागावी. बहुतेकांस हळू मागता येईना, आणि ते परत गेले.

मग पौषात सभा भरवोन विजयाची नोंद रीतसर केली. कर्णे लाविले नव्हते. शाल नव्हती, श्रीफळ होते, ते नुसते ठेविले, फोडिले नाही. श्यामराव उभे राहिले आणि सनद वाचू लागले. घसा केव्हाच सुधारला होता, तरी त्यांनी ती ऐशा हलक्या आवाजात वाचिली की पहिल्या रांगेने 'काय?' म्हणोन मागच्या रांगेस विचारिले आणि मागच्या रांगेने खिडकीस. मुकुंदरावांनी घसा साफ करण्याचेही टाळिले. सनदेत खोली कोणास दिली, कोणत्या अटींवर दिली, किती काळ दिली, हे सेवकास कानाशी हात लावूनही कळले नाही, आणि सभेत कोणासही कळले नाही. सबब त्या जागी बखरीत कोरी ओळ सोडिली आहे.

परंतु तिसऱ्या रांगेत कालिंदी बसली होती, हात मांडीवर. सनद वाचोन जाहली तेव्हा तिने मान हलविली. तिला सगळे ऐकू आले होते.